कणगी पाहून द्यावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या कार्यवाहबाईंनी मला आज बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयही त्यांनीच ठरवून ठेविला होता. मंडळाच्या रक्तदान शिबिरातून मला दोन वर्षे लागोपाठ परत पाठविण्यात आले. ते का, हे मी आपल्या सर्वांसमोर सांगावे, अशी त्यांची इच्छा. ती रास्तच आहे. आपले कोलाड लहान गाव. येथे कोणी शिबिराच्या दारातून परत फिरले, की संध्याकाळपर्यंत आंबेवाडी नाक्यावर त्याची चर्चा होते. माझ्या रक्तात काही दोष निघाला असावा, असे काहींना वाटले. 'पोटाची एवढी मोठी शस्त्रक्रिया केली, आता हिच्या अंगात राहिले काय?' असेही बोलले गेले. ह्या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. त्या तशाच राहिल्या तर उद्या दुसरी एखादी भगिनी संकोचाने खरी हकीकत लपवील आणि स्वतःचे नुकसान करून घेईल. म्हणून हा विषय मी आनंदाने स्वीकारला.

प्रथम रक्ताविषयी थोडेसे सांगते. आपल्या शेजारी धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नाना रसायने तयार होतात. परंतु रक्ताचा एक थेंब निर्माण करणारा कारखाना अजून जगात कोठेही निघालेला नाही. माणसाला रक्त हवे, तर ते माणसानेच दिले पाहिजे. बरे, ते साठवून ठेवावे म्हटले तर लोणच्यासारखे वर्षभर टिकतही नाही. त्यातील तांबड्या पेशी योग्य द्रावणात व थंडाव्यात फार तर बेचाळीस दिवस राहतात आणि रक्त गोठविण्यास मदत करणाऱ्या बिंबिका अवघ्या पाच दिवसांत निकामी होतात. म्हणजे गेल्या दिवाळीला दिलेले रक्त शिमग्याला उपयोगी पडत नाही. देणारे हात सतत लागतात.

पूर्वी पैसे घेऊन रक्त विकणारी माणसे असत. दारिद्र्याने गांजलेला मनुष्य पुन्हा पुन्हा रक्त देई, आपले आजार लपवी आणि ते आजार घेणाऱ्याच्या अंगात जात. 'कॉमन कॉज' ह्या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची अशी विक्री देशात बंद झाली. ही फार मोठी सुधारणा होय. परंतु तिच्यामुळे सारा भार आता तुमच्या-माझ्यासारख्या स्वेच्छेने देणाऱ्यांवर आला, हेही तितकेच खरे.

ह्या शास्त्रात आपल्या मराठी डॉक्टरांचा वाटा मोठा आहे, ह्याचा मला अभिमान वाटतो. कार्ल लँडस्टायनर ह्यांनी १९०१ साली रक्तगट शोधून काढले. पुढे १९५२ साली मुंबईत डॉ. य. म. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना, ओळखीच्या कोणत्याच गटाशी न जुळणारे रक्त असलेली माणसे आढळली. त्या गटाला आज साऱ्या जगात 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. आपल्या देशात सुमारे दहा हजारांत एखाद्याचाच हा गट असतो आणि अशा मनुष्याला त्याच गटाचे रक्त लागते. दुसरे चालत नाही. प्रत्येकाचा गट नोंदलेला का असावा, ते ह्यावरून ध्यानात येईल.

आपल्या भागापुरते बोलायचे, तर मुंबई-गोवा महामार्ग आपल्या दारावरून जातो. सुकेळी खिंडीपासून माणगावपर्यंत अपघाताची बातमी कानावर आली नाही असा महिना विरळा. अडलेली बाळंतीण असो, की महामार्गावरचा जखमी असो, रक्त लागले की अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाच्या रक्तपेढीकडे, नाहीतर पनवेल-मुंबईकडे डोळे लावावे लागतात. पावसाळ्याच्या रात्री हे अंतर किती वाटते, ते ज्यांच्या घरी प्रसंग आला त्यांनाच ठाऊक. दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या जाऊबाईंना बाळंतपणानंतर फार रक्तस्राव झाला. चार पिशव्या रक्त लागले. घरात सर्वांत आधी हात पुढे करणारी मी; शस्त्रक्रियेपूर्वी मी सहा वेळा रक्त दिलेले. पण त्या रात्री मला देता येत नव्हते. रक्तपेढीतून रक्त मिळाले, ते आपण कधीही न पाहिलेल्या चार माणसांनी अगोदर देऊन ठेविले होते म्हणून. आज जाऊबाई येथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि त्यांची कन्या मघापासून ह्या व्यासपीठावर चढण्याचा प्रयत्न करीत आहे. ज्यांचे रक्त त्या दिवशी उपयोगी पडले, त्यांची नावे आम्हांला कधीच कळणार नाहीत.

आता माझ्या शस्त्रक्रियेविषयी. २०१७ साली इजिप्तमधील इमान अहमद ह्या बाईंना उपचारासाठी मुंबईस आणले होते. त्यांचे वजन सुमारे पाचशे किलो असल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. तेव्हापासून वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचे नाव आपल्या घराघरांत पोहोचले. मात्र ही शस्त्रक्रिया नवी नव्हे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन ह्यांनी १९६६ साली तिचा पाया घातला. ती कोणी सुंदर दिसण्यासाठी करून घेत नाही. माझे वजन एकशे बारा किलो होते, मधुमेह होता, गुडघे जिना चढू देत नव्हते आणि रात्री झोपेत श्वास अडत असे. सर्व उपाय झाल्यावर जानेवारी २०२२ मध्ये मुंबईस शस्त्रक्रिया झाली. आज वजन एकाहत्तर किलो आहे, मधुमेहाच्या गोळ्या बंद आहेत आणि स्टेशनापर्यंत मी पायी जाते. तेव्हा शस्त्रक्रियेविषयी माझी तक्रार मुळीच नाही.

पण तिने शरीरात काय बदलते, ते समजून घेतले पाहिजे. ह्या शस्त्रक्रियेचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात व केळ्याएवढी नळी ठेवितात. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी करितात, एखादे अंडे मावेल एवढी, आणि ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडून देतात. माझी दुसऱ्या प्रकारची. महामार्गाला गावाबाहेरून वळणरस्ता काढला, की गाड्या गावात शिरत नाहीत व तेथल्या दुकानांत गिऱ्हाईक थांबत नाही. तसेच येथे होते. अन्न लहान आतड्याच्या पहिल्या भागाला टाळून पुढे जाते. आणि लोह शोषून घेण्याचे मुख्य ठिकाण नेमके तोच भाग! शिवाय अन्नातील लोह शोषण्याजोगे करण्यास जठरातील आम्ल लागते, तेही आता कमी. रक्त तयार होण्यास लागणारे ब-१२ जीवनसत्त्व अंगी लागण्यासाठी जठरातून एक द्रव्य पाझरावे लागते, तेही अन्नाला पुरेसे भेटत नाही. म्हणून अशा रुग्णाला लोह, ब-१२, कॅल्शियम वगैरे औषधे जन्मभर घ्यावी लागतात. वजन उतरले म्हणजे उपचार संपला, असे होत नाही.

आता शिबिराची हकीकत. डिसेंबर २०२२ मध्ये मी अर्जावर शस्त्रक्रियेची तारीख स्पष्ट लिहिली. वैद्यकीय अधिकारी बाईंनी ती वाचली आणि सांगितले, की मोठ्या शस्त्रक्रियेनंतर बरे झाल्यापासून बारा महिने रक्त घेता येत नाही. हा देशभरचा नियम आहे. तो पाळून मी परत आले.

दुसऱ्या वर्षी बारा महिने उलटून गेले होते. बोटाला सुई टोचून तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन १२.८ निघाले. नियमाला १२.५ पुरे. वजन, रक्तदाब, नाडी, सारे ठीक. मी खाटेवर आडवी होण्याच्या तयारीत होते. पण त्या अधिकारी बाई अनुभवी. त्यांनी विचारले, "अलीकडचा फेरिटिनचा अहवाल आहे का?" योगायोगाने महिन्यापूर्वीच्या तपासणीचा कागद पिशवीत होता. फेरिटिन अवघे नऊ. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "ताई, तुमचे रक्त चांगले आहे. पण ते तुमच्याकडेच राहू द्या."

भगिनींनो, मी नेमाने गोळ्या घेत होते, अंगात अशक्तपणाही जाणवत नव्हता. मग हे काय गौडबंगाल? घरी आल्यावर मी माझ्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी समजावले आणि मी ते आपल्या भाषेत सांगते. आपण भात झोडून कणगीत भरितो आणि रोजच्या रांधण्यापुरते तांदूळ डब्यात काढितो. हिमोग्लोबिन म्हणजे तो डबा. फेरिटिन म्हणजे कणगीची खूण. कणगी रिकामी होत आली तरी गृहिणी शेवटपर्यंत डबा भरलेला ठेविते. पाहुण्याला वाटते, घरात सुबत्ता आहे! शिबिरात बोटाला सुई टोचून पाहतात तो डबा. कणगीत डोकावून पाहण्याची सोय तेथे नसते.

थोडा हिशेब मांडू. आपण एका वेळी ३५० मिलिलीटर रक्त देतो. त्यात सुमारे चव्वेचाळीस ग्रॅम हिमोग्लोबिन असते आणि त्याबरोबर शरीरातून साधारण दीडशे मिलिग्रॅम लोह निघून जाते. रक्तातील पाण्याचा अंश एक-दोन दिवसांत भरून येतो. पेशी भरून यायला काही आठवडे लागतात. पण लोहाचे काय? धडधाकट माणसाचे आतडेसुद्धा दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅमच लोह आत घेते आणि तेवढे बहुतेक रोजच्या झिजेत जाते. त्यात स्त्रीला मासिक पाळीची गळती. म्हणूनच नियमाने पुरुषाने नव्वद दिवसांनी व स्त्रीने एकशेवीस दिवसांनी पुन्हा रक्त द्यावे, असे ठरविले आहे. आता ज्या बाईचा लोह घेण्याचा दरवाजाच अर्धा मिटलेला, तिने दीडशे मिलिग्रॅम देऊन टाकिले, तर ते भरून यायला किती काळ जाईल, ह्याचा विचार करा. पंडुरोग आला की दम लागतो, केस गळतात, छाती धडधडते. आणि मग तीच बाई रक्त घेणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहते. ह्यात कोणाचे हित झाले?

ह्यावरून, वजनाची शस्त्रक्रिया झालेल्या कोणीही कधीच रक्त देऊ नये, असे मात्र समजू नका. शस्त्रक्रियेने रक्त दूषित होत नाही. ते घेणाऱ्याला त्यापासून काही धोका नाही. ज्यांची एक वर्षाची मुदत उलटली आहे, वजन स्थिर झाले आहे, ज्यांची कणगी भरलेली आहे आणि ज्यांच्या डॉक्टरांची संमती आहे, अशा काहींना देता येते. शेवटचा निर्णय रक्तपेढीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा. आपल्याकडून चार गोष्टी पाळाव्यात.

पहिली: अर्जावर सारे खरे लिहावे. तेथे 'कारणाशिवाय वजन घटले आहे का?' असा प्रश्न असतो. आपले वजन शस्त्रक्रियेने घटले आहे, हे सांगून टाकावे. म्हणजे शंकेला जागा राहत नाही.

दुसरी: नुसत्या हिमोग्लोबिनवर न विसंबता फेरिटिन व ब-१२ ह्यांचे अहवाल बरोबर न्यावेत. शस्त्रक्रिया झालेल्यांना ह्या तपासण्या वर्षातून एकदा करावयाच्याच असतात.

तिसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. रक्त दिल्यावर शिबिरात गोड सरबत आणि बिस्किटे देतात. आमच्यासारख्यांना एकदम गोड सोसत नाही. ते भरभर आतड्यात उतरते आणि घाम सुटतो, छाती धडधडते, पोटात कळ येते. पाणीसुद्धा आम्ही घोट घोटच पिऊ शकतो. म्हणून आदल्या दिवसापासून थोडे थोडे पाणी प्यावे, उपाशी जाऊ नये, आणि आपल्याला चालणारा खाऊ घरून न्यावा.

चौथी: लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदम घेऊ नये, मध्ये दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाच्या गोळीवर चहा तर मुळीच नको.

माझ्यापुरते सांगायचे, तर फेरिटिन नऊ निघाल्यावर डॉक्टरांनी मला शिरेतून लोहाचे औषध दिले. आता कणगीत बऱ्यापैकी भात आहे. गेल्या वर्षी मी डॉक्टरांना विचारले, "आता देऊ का?" ते म्हणाले, "नियमाने तुम्हाला मनाई नाही. पण जे बाहेरून ओतून भरले, ते पुन्हा बाहेर काढून काय साधणार?" ते मला पटले. पाळी बंद होईपर्यंत तरी आपण देऊ नये, असे मी ठरविले आहे. हे ठरविताना वाईट वाटले, हे खोटे कशाला सांगू? जाऊबाईंच्या बाळंतपणाचे ऋण डोक्यावर आहे. पण ऋण फेडण्याचे मार्ग अनेक असतात.

आणि हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी चौपन्न जणींना पंडुरोग आहे. त्याच पाहणीत शंभरांतील तेवीस जणींचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. अंग भरलेले आणि रक्त उणे, अशा दोन्ही गोष्टी एका देहात सुखाने नांदू शकतात. आपण मुलांना वाढतो, पतीला वाढतो, पाहुण्याला वाढतो आणि शेवटी तळाशी राहिलेल्या आमटीबरोबर भात कालवून उठतो. देणे हा स्त्रीचा धर्म, असे आपल्याला लहानपणापासून शिकविलेले असते. देणे चांगलेच. पण आपल्याकडे आहे किती, हे न पाहता देत राहणे ह्याला औदार्य म्हणत नाहीत. 'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण आपण थट्टेने वापरतो. पण तिच्यात शहाणपण आहे.

तेव्हा आजच्या शुभदिनी मंडळापुढे मी तीन सूचना ठेविते.

शिबिराच्या तीन-चार महिने अगोदर सर्व सभासदांनी सरकारी आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ज्यांचे कमी निघेल त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध सुरू करावे आणि ताटाकडेही लक्ष द्यावे. आपल्या भागात काय कमी आहे? कडवे वाल आहेत, कुळीथ आहे, नाचणी आहे, परसात शेवगा आहे. मासे खाणाऱ्यांना सुकट-जवळा आहे. वर लिंबू पिळावे किंवा आवळा खावा, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणाबरोबरचा चहा मात्र तासभर पुढे ढकलावा.

दुसरी सूचना, मंडळाने एक वही ठेवावी. तीत देऊ शकणाऱ्यांचे नाव, रक्तगट व शेवटचे रक्त दिल्याची तारीख असावी. ही वही सांभाळण्याचे काम मी अंगावर घेते. कोणाचे एकशेवीस दिवस भरले, कोणाला वर्षाच्या आत बाळंतपण झाले आहे, कोण अंगावर पाजते आहे, हे पाहून मी आठवण देत जाईन. जिला देणे योग्य नाही तिला मी स्वतः नको म्हणेन, म्हणजे दारातून परत फिरण्याचा प्रसंग तिच्यावर येणार नाही.

तिसरी सूचना सर्वांत सोपी. अठरा वर्षांवरील व पंचेचाळीस किलोंहून अधिक वजनाचा धडधाकट मनुष्य रक्त देऊ शकतो; प्रथमच देणाऱ्याचे वय मात्र साठाच्या आत हवे. असे पुरुष प्रत्येकीच्या घरात आहेत. त्यांना पाळी नाही, बाळंतपण नाही, आणि ताटात पहिली वाढही त्यांचीच. माझ्या पतींनी वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत कधी रक्त दिले नव्हते, सुईची भीती. माझी नऊची चिठ्ठी पाहिल्यावर ते स्वतः उठून गेले. आतापर्यंत तीनदा देऊन आले आहेत आणि आता मुलालाही बरोबर नेतात. भगिनींनो, आपण प्रत्येकीने घरातील एक पुरुष शिबिरात आणला, तर आपल्यापैकी कोणाचीही कणगी रिती न करता अलिबागच्या पेढीत आपल्या गावाच्या नावाने दुप्पट पिशव्या जमा होतील.

ही वही आज मी बरोबर आणली आहे. चहापानाच्या वेळी ती दाराजवळच्या मेजावर असेल. ज्यांना आपले किंवा घरच्यांचे नाव लिहावयाचे असेल त्यांनी अवश्य लिहावे. पहिली दोन नावे मी घरूनच लिहून आणली आहेत.